पाच पाठवा, त्रेपन्न मिळवा!

आर्डुइनो उनोचा बोर्ड संगणकाला जोडा, सिरीयल मॉनिटर उघडा, ५ टाइप करून पाठवा आणि ‘जे आलं ते आकड्यात छाप’ एवढंच बोर्डाला सांगा. पडद्यावर येतं ५३! शून्य पाठवलं तर ४८, नऊ पाठवला तर ५७. बोर्ड ठणठणीत आहे, केबलही ठीक आहे. सिरीयल मॉनिटरमधून संख्या जातच नाहीत, जातात ती अक्षरं. बोर्डाच्या लेखी ५ हे ‘क’ किंवा प्रश्नचिन्हासारखंच एक चिन्ह. त्याची संख्या करायची ती आपल्या कोडने. आणि या छोट्याशा कामात तारयंत्रापासून अग्निबाणापर्यंत किती गमती दडल्या आहेत म्हणून सांगू!

(एक खुलासा आधीच. या लेखात आकडे देवनागरीत छापलेत, पण शेवटचा भाग सोडला तर बोर्डाकडे जाणारे आकडे कीबोर्डवरचे नेहमीचे इंग्रजी आकडे समजा.)

४८ काही उगाच नाही

१९६३ साली अमेरिकेत ‘आस्की’ हा संकेत पहिल्यांदा प्रसिद्ध झाला. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक. त्यात शून्याला मिळाला ४८. हा विचित्र आकडा कुठून आला? द्विमान पद्धतीत लिहून पाहा. ४८ म्हणजे ००११००००. ४९ म्हणजे ००११०००१. आणि ५३ म्हणजे ००११०१०१. आता पुढचे चार बिट झाका आणि फक्त मागचे चार वाचा: ००००, ०००१, ०१०१. म्हणजेच शून्य, एक, पाच! चिन्हाच्या पोटातच त्याची किंमत ठेवलेली आहे. हे मुद्दाम केलं होतं. आस्की ठरवणाऱ्यांना अंकांची किंमत झटकन काढता यायला हवी होती. साठ वर्षांनंतर शाळेतली मुलगी आपल्या बोर्डावर ‘वजा ४८’ करते तेव्हा त्या दूरदृष्टीचा फायदा तिला थेट मिळतो.

आयबीएमने १९६४ साली सिस्टिम/३६० आणली तेव्हा स्वतःचा वेगळा संकेत वापरला. तिथे शून्य २४० वर बसला आणि नऊ २४९ वर. पण मागचे चार बिट? तेच! याच संकेतात इंग्रजी अक्षरांच्या रांगेत मात्र मध्येमध्ये भोकं आहेत. म्हणून सी भाषेचं मानक ० ते ९ एकामागोमाग येतील याची हमी देतं, ए ते झेडची देत नाही.

एक आग्रहाचं सांगणं: कोडमध्ये ‘वजा ४८’ लिहू नका. एकेरी अवतरणात शून्य लिहा आणि ते वजा करा. उत्तर तेच येतं, पण वाचणाऱ्याला तिथे काय चाललंय ते कळतं.

एक अक्षर, सोळा हजार ठोके

९६०० बॉड हा वेग सगळ्यांच्या ओळखीचा. बॉड हे एकक फ्रेंच तार अभियंता एमिल बोदो यांच्या नावावरून आलं. त्यांनी १८७४ साली पाच एककांच्या तार-संकेताचं पेटंट घेतलं होतं. उनोवर नेहमीच्या पद्धतीत एका अक्षरामागे दहा बिट जातात: सुरुवातीचा एक, माहितीचे आठ, शेवटचा एक. म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. एक अक्षर पोचायला एक मिलिसेकंदाहून किंचित जास्त वेळ.

आपल्याला हे वेगवान वाटतं. पण उनोवरची एटीमेगा३२८पी ही चिप १६ मेगाहर्ट्झवर चालते. एक अक्षर तारेतून येईपर्यंत तिच्या घड्याळाचे सोळा हजारांवर ठोके पडून गेलेले असतात, आणि तिच्या बऱ्याचशा सूचना एकेका ठोक्यात उरकतात. म्हणून सर्व्हो मोटरला १८० अंशांवर फिरवायला ‘१८०’ पाठवलं आणि कोडने ‘काहीतरी आलंय’ एवढं बघून लगेच वाचलं, तर हाती येतो फक्त १. ८ आणि ० अजून वाटेत! मोटर आधी एका अंशावर, मग आठ, मग शून्य. नवख्यांच्या प्रकल्पात सर्व्हो थरथरताना दिसली की मला आधी याचीच शंका येते.

आलेली अक्षरं वाचेपर्यंत राहतात ती ६४ बाइटांच्या बफरात. हा बफर रहाटगाडग्यासारखा गोल फिरतो: एका बाजूने पोहरे भरतात, दुसऱ्या बाजूने रिते होतात. फक्त एक पोहरा कायम रिकामा ठेवावा लागतो, नाहीतर ‘पूर्ण भरला’ आणि ‘पूर्ण रिकामा’ यांत फरकच करता येत नाही. म्हणून प्रत्यक्षात मावतात ६३ अक्षरं. चौसष्टावं आलं तर गेलं, आणि त्याची कुठे नोंदही होत नाही.

११.०५९२: हा कसला आकडा?

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत ८०५१ या मायक्रोकंट्रोलर चिपसाठी घड्याळाचा क्रिस्टल मागितला की ११.०५९२ मेगाहर्ट्झचा पुढे येतो. सरळ १२ का नाही? १,१०,५९,२०० ला १२ ने भागा, मग ३२ ने, मग ३ ने. बरोब्बर ९६००! बाकी शून्य. सिरीयलचा वेग नेमका जुळावा म्हणूनच हा क्रिस्टल लोकप्रिय झाला. तोंडी परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो. नुसतं पाठ केलेलं उत्तर आणि एकदा कागदावर करून पाहिलेला भागाकार, यांत फार अंतर आहे.

उनोच्या १६ मेगाहर्ट्झला हे सुख नाही. १,१५,२०० चा वेग मागितला तर तिला प्रत्यक्षात १,१७,६४७ जमतो, म्हणजे सुमारे २.१ टक्के चूक. तरी निरोप नीट पोचतो, कारण प्रत्येक अक्षराच्या पहिल्या बिटाबरोबर घड्याळ नव्याने जुळतं आणि दहा बिटांत साचून साचून चूक जेमतेम पाव बिटापर्यंत जाते. अर्ध्या बिटाच्या आत आहे तोवर वाचन बरोबर येतं.

एकं दहं शतं, उलट्या टोकाने

‘१’, ‘२’, ‘३’ ही तीन चिन्हं आली. त्यांची एकशे तेवीस कशी करायची? शाळेत आपण उजवीकडून मोजतो: एकं, दहं, शतं. पण बोर्डाला डावीकडचा आकडा आधी मिळतो, आणि पुढे अजून किती येणार आहेत ते त्याला ठाऊक नसतं. पहिला १ शतस्थानी आहे की लक्षस्थानी?

युक्ती एका ओळीची आहे. हाती शून्य घ्या. नवा अंक आला की हातातल्या संख्येला दहाने गुणा आणि तो अंक मिळवा. शून्य गुणिले दहा अधिक एक: एक. एक गुणिले दहा अधिक दोन: बारा. बारा गुणिले दहा अधिक तीन: एकशे तेवीस. संख्येची लांबी आधी माहीत असण्याची गरजच उरली नाही! प्रत्येक नवा अंक जुन्या सगळ्यांना एकेक घर वर सरकवतो. प्रत्येक स्थान आधीच्या दसपट, हा नियम आर्यभटाने इ.स. ४९९च्या सुमाराच्या ‘आर्यभटीया’त सांगितला आहे. गुणा-मिळवा या रीतीला आज इंग्रज गणिती विल्यम हॉर्नर यांचं नाव आहे, पण चीनमधल्या छिन च्युशाओ यांच्या १२४७च्या ग्रंथात ती आधीच सापडते. कर्निगन आणि रिची यांच्या १९७८च्या सी भाषेवरच्या पुस्तकातही हीच रीत ‘एटूआय’ नावाच्या चिमुकल्या फंक्शनमध्ये भेटते.

उलटा प्रवास, म्हणजे संख्येचं मजकुरात रूपांतर, बोर्डाला जास्त महाग पडतो. त्यासाठी दहाने भागत जावं लागतं, आणि उनोच्या चिपमध्ये गुणाकाराची सूचना आहे, भागाकाराची नाही! प्रत्येक भागाकार कोडने पायरी-पायरीने करावा लागतो.

न दिसणारे दोन पाहुणे

५३ च्या मागोमाग कधी कधी १३ आणि १० येतात. टाइप तर केले नव्हते! एंटर दाबल्यावर सिरीयल मॉनिटर ओळीच्या शेवटाची खूण जोडतो, तिचे हे क्रमांक. दोन कशाला? १९६३च्या टेलिटाइप मॉडेल ३३ मध्ये खरोखरच दोन वेगळी कामं होती: छपाईचा भाग डाव्या कडेला परत नेणं हे १३ चं, कागद एक ओळ वर सरकवणं हे १० चं. ते यंत्र सेकंदाला दहा अक्षरं छापायचं. यंत्र गेलं, त्याचे दोन हुकूम राहिले.

हे पाहुणे उपयोगाचेही आहेत. ‘१८’ नंतर थांबायचं की अजून ० येणार, हे ओळ संपल्याची खूण दिसली तरच खात्रीने कळतं. सिरीयल मॉनिटरमधला ओळीच्या शेवटाचा पर्याय म्हणूनच आधी तपासावा. नवशिक्यांच्या निम्म्या शंका तिथेच मिटतील असं मला मनापासून वाटतं.

पार्सइंटचे पराक्रम

आर्डुइनोच्या लायब्ररीतलं ‘पार्सइंट’ हे फंक्शन मजकुरातून पूर्णांक वेचून देतं. सोपं आहे, पण त्याच्या सवयी ठाऊक हव्यात.

पहिली सवय: अंक सापडेपर्यंत बाकी सगळं ओलांडत जाणं. ‘तापमान २७ अंश’ पाठवा, मिळतात २७. झकास.

दुसरी: अंकांची रांग तुटली की थांबणं. ‘३.१४’ पाठवलं की पहिल्यांदा मिळतात ३, दुसऱ्यांदा १४. ‘१,२५,०००’ पाठवलं की एक, पंचवीस आणि शून्य! सव्वा लाखाचे तीन तुकडे. यावर उपाय त्यातच आहे, स्वल्पविराम दुर्लक्षित कर असं त्याला आधी सांगता येतं. पण हे फार थोड्यांना माहीत असतं.

तिसरी माझी सर्वांत आवडती. ‘१५-०८-१९४७’ ही तारीख पाठवा आणि तीनदा वाचा. मिळतं १५, उणे ८, उणे १९४७. दोन आकड्यांमधली आडवी रेघ त्याच्या दृष्टीने वजाबाकीचं चिन्ह!

चौथी सवय धीराची. पुढे अंक येतील म्हणून ते एक सेकंद वाट पाहतं. ओळीच्या शेवटची खूण पाठवली नाही तर ‘१८०’ आल्यावरही सेकंदभर ताटकळतं. खूण पाठवली तर १८० लगेच देतं, पण ती खूण बफरातच पडून राहते. मग पुढच्या वेळी तेवढीच हाती लागते, पुन्हा सेकंदभर वाट आणि शेवटी शून्य. मोटर १८० वर जाऊन एका सेकंदाने आपोआप शून्यावर येते ती यामुळे. वाट पाहण्याचा वेळ कमी करता येतो. पण मी म्हणेन, ओळ संपेपर्यंत अक्षरं एका छोट्या रांगेत जमवा आणि मगच संख्या करा. चार ओळी जास्त लिहाव्या लागतात, पण मधल्या वेळात बोर्ड दुसरी कामं करायला मोकळा राहतो. शिवाय उनोची सगळी कामाची स्मृती २ किलोबाइट. ठरावीक लांबीची रांग तिला सुसह्य, वाढत-घटत जाणारा मजकूर नाही.

४००००१ = ६७८५

मुंबईच्या जीपीओचा पिनकोड पाठवा आणि उनोवर ‘इंट’ या पूर्णांक प्रकारात ठेवा. बाहेर येतो ६७८५. उनोचा इंट १६ बिटांचा, त्यात उणे ३२,७६८ ते ३२,७६७ एवढंच मावतं. वरचं कापलं जातं, उरलेलं गुमान ठेवलं जातं. ४०,००० ठेवा, उणे २५,५३६ मिळतात. तोच कोड ईएसपी३२ या दुसऱ्या बोर्डावर चढवा, पिनकोड सुखरूप! तिथे इंट ३२ बिटांचा आहे. त्यामुळे मित्राकडे चालणारा कोड आपल्याकडे का चालत नाही, या कोड्याचं उत्तर कधी कधी केवळ बोर्ड वेगळा असणं हेच असतं.

मग ‘लाँग’ घ्यावा? त्यात मावतात २,१४,७४,८३,६४७. ऋण चिन्ह सोडून दिलं तर ४,२९,४९,६७,२९५. आता आपला मोबाइल नंबर आठवा. दहा अंकी, सुरुवात ६, ७, ८ किंवा ९ ने. म्हणजे भारतातला एकही मोबाइल नंबर ३२ बिटांत मावत नाही! पण तो मावून तरी काय उपयोग? मोबाइल नंबरांची बेरीज कोणी करत नाही. ज्याचं गणित करायचं नाही ते मजकूर म्हणूनच ठेवावं. सुरुवातीचं शून्यही तसंच टिकतं.

१६ बिटांची ही मर्यादा केवढी महाग पडू शकते, ते ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानात दिसलं. आरियान ५ अग्निबाणाच्या पहिल्याच उड्डाणात ६४ बिटांची एक दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात घालायचा प्रयत्न झाला. ती मावली नाही. उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंदांत अग्निबाण नष्ट झाला.

रिकामी जागा थेट समुद्रात

‘एटूआय’ला ‘१२अबक’ द्या, १२ मिळतात. नुसतं ‘अबक’ द्या, शून्य मिळतं. आणि ‘०’ दिलं तरी शून्यच! खरं शून्य आणि बिनआकड्यांचा मजकूर यांत त्याला भेद करता येत नाही. ‘स्ट्रटूएल’ हे फंक्शन मात्र वाचन कुठे थांबलं तेही सांगतं. जिथून सुरू केलं तिथेच थांबलं असेल तर अंक नव्हताच. ज्या प्रकल्पात हीटर किंवा पंप जोडलाय तिथे मी डोळे झाकून हेच सुचवेन.

जीपीएसमध्ये याची मोठी गंमत होते. जीपीएस मोड्यूलही बोर्डाशी मजकुरातच बोलतं, स्वल्पविरामांनी तोडलेल्या ओळींत. उपग्रह सापडेपर्यंत अक्षांश-रेखांशाच्या जागा रिकाम्या असतात. रिकाम्या मजकुराची संख्या केली की शून्य, आणि शून्य अक्षांश, शून्य रेखांश म्हणजे आफ्रिकेजवळचं गिनीचं आखात! तुमचा प्रकल्प टेबलावर असतो आणि नकाशा तुम्हाला भर समुद्रात दाखवतो. उपग्रह सापडल्यावर तिथे ‘१८३१.२’ असं काही येतं, तेही १८३१ अंश नव्हेत. १८ अंश ३१.२ मिनिटं. मिनिटांना साठने भागून मिळवा: १८.५२. पुण्याचा अक्षांश!

दशांश संख्या उनोवर ३२ बिटांत राहते, ‘डबल’ लिहिलं तरीही. त्यामुळे ७३ अंशांच्या रेखांशात सर्वांत लहान पायरी पडते जमिनीवर सुमारे ८० सेंटिमीटरची.

नऊनंतर ए, पण मध्ये सात जण

रंगीत एलईडीला ‘एफएफ८८००’ असा सोळामानातला रंग पाठवला की पुन्हा अक्षरांची संख्या करणं आलं. आस्कीत ९ चा क्रमांक ५७, मोठ्या ए चा ६५. मध्ये सात चिन्हं ठाण मांडून बसलीत. म्हणून अंकांसाठी वजा ४८, मोठ्या अक्षरांसाठी वजा ५५. लहान अक्षरं ३२ ने पुढे, म्हणजे नेमक्या एका बिटाचा फरक. ‘स्ट्रटूएल’ला पाया १६ सांगितला तर हे सगळं ते स्वतः करतं. पाया सांगताना शून्य दिलं तर मात्र जपा: ‘०१०’ म्हणजे मग दहा नाही, आठ! सुरुवातीचं शून्य सी भाषेत अष्टमान पद्धतीची खूण आहे.

आता खरा मराठी ५

कीबोर्ड मराठीत करा आणि देवनागरी ५ पाठवा. एका चिन्हाचे तीन बाइट येतात: २२४, १६५, १७१. युनिकोडचा मजकूर यूटीएफ-८ पद्धतीने असाच जातो. पार्सइंट त्याला ओळखत नाही, एटूआय शून्य देतं. म्हणून मराठी आकडे चालणार नाहीत? असं मुळीच नाही! देवनागरी शून्याचा शेवटचा बाइट १६६, नवाचा १७५. पहिला २२४, दुसरा १६५ आला की तिसऱ्यातून १६६ वजा करा. झाला अंक. पुढे तेच: दहाने गुणा, मिळवा.

याहून गोड गोष्ट पुढे आहे. गुजराती, बंगाली, गुरुमुखी, ओडिया, तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम, या सगळ्या लिप्यांच्या अंकांचा शेवटचा बाइट १६६ ते १७५ याच घरात पडतो. पहिलाही २२४ च. लिपी बदलली की बदलतो फक्त मधला: देवनागरीत १६५, बंगालीत १६७, कन्नडमध्ये १७९. युनिकोडमध्ये भारतीय लिप्यांची मांडणी एकाच आराखड्यावर केल्याचं हे फळ. थोडक्यात, बेळगावातल्या एखाद्या मुलाने देवनागरी अंक वाचणारा कोड लिहिला, तर मधल्या बाइटासाठी एक अट वाढवून तोच कोड कन्नडलाही चालेल.

संगणकावरची पायथन भाषा यात पुढे आहे. तिच्या ‘इंट’ला ‘१२३’ हा देवनागरी मजकूर दिला तर बिनतक्रार एकशे तेवीस मिळतात. जावाही ओळखते. बोर्डावर मात्र ते आपणच लिहायचं, आणि ते दहा-बारा ओळींत बसतं.

लिहिताना एवढं लक्षात ठेवा. तीन बाइट एकेक करून येतात, ९६०० बॉडला त्यांत तीन मिलिसेकंद जातात, म्हणून मागचा बाइट कोणता होता याची आठवण कोडला ठेवावी लागते. बफराची जागाही तिप्पट लागते. पण ६३ ला ३ ने नि:शेष भाग जातो, त्यामुळे उनोच्या बफरात बरोब्बर २१ मराठी अंक मावतात आणि एकही बाइट वाया जात नाही.